बंद बीळ उकरायचं नाही

१

सकाळी सात वाजले की मुंग्या आपल्या खोलीत हजेरी घ्यायचा आणि त्याची ताई स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता ती ऐकायची. “एक, उघडं. दोन, उघडं. तीन, बंद. चार, उघडं.” असं अकरापर्यंत. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस बाजारात उभा राहून दुकानांची शटरं मोजतोय.

मोजायचा तो बिळं. त्याच्या खोलीतल्या मांडणीवर अकरा काचपेट्या होत्या, प्रत्येकीत हातभर खोल माती, आणि त्या मातीत एकेक टॅरँट्युला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. पण हे बिळात राहणाऱ्या जातीचे. पाहुणे जीव मुठीत धरून बघायला यायचे आणि अकरा पेट्या माती बघून हिरमुसून जायचे. दिसायचं काय, तर एक भोक आणि भोकाभोवती पसरलेल्या कोळ्याच्या धाग्याच्या चार तारा. त्या भोकात हा माणूस चिमट्याने रातकिडे सोडायचा, पाण्याची वाटी भरायचा आणि वर्षातून दोनदा एखादा पाय दिसला तर आठवडाभर खुशीत असायचा. लहानपणी बरणीत मुंग्या पाळायचा म्हणून नाव मुंग्या पडलं. आता अडतिशी आली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

या छंदाला कायदा म्हणावा असा एकच. बीळ उघडं असलं तर खायला घालायचं. कोळ्याने आतून माती आणि तारा लावून बिळाचं तोंड बुजवलं, की समजायचं तो कात टाकणार आहे, किंवा त्याला सध्या कुणाचं तोंड बघायचं नाहीये. मग महिना जावो नाहीतर वर्ष, बंद बीळ उकरायचं नाही. आतला जीव त्या वेळी उताणा पडलेला असतो, लोण्यासारखा मऊ असतो, आणि नुसत्या बोटाच्या धक्क्याने जातो.

ताईने तो कायदा मोडला होता. गेल्या वर्षी मुंग्या कामासाठी पंधरा दिवस परगावी गेला, तेव्हा अकरा नंबरची म्हातारी चार महिन्यांपासून बंद होती. म्हातारी म्हणजे त्याची पहिली कोळीण, एकवीस वर्षांची. ताईला वाटलं, मेली असणार, आणि हा आल्यावर त्याला सडलेलं काहीतरी बघावं लागणार. तिने आपली मेणाची सुरी, म्हणजे कामावरची मेण घोटायची सुरी, घेतली आणि उकरलं. म्हातारी उताणी होती, पांढरीफटक, जुन्या कातीतून अर्धी बाहेर आलेली. तीन दिवस तिचे पाय हलत होते, मग थांबले. मुंग्या परत आला, बघितलं, आणि एक शब्द बोलला नाही. त्याने म्हातारीला बाहेर काढलं, पेटीत पुन्हा माती भरली, झाकण लावलं आणि पेटी जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून हजेरी तशीच सुरू राहिली. “दहा, उघडं. अकरा, बंद.”

रिकाम्या पेटीची हजेरी. ताईला वाटलं, दुःख आहे, जाईल हळूहळू. तिने कधी टोकलं नाही, कारण टोकायला तिला तोंडच नव्हतं.

२

त्या सोमवारी तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं. “मला पत्र आलंय. मोठ्या शहरातली लॅब आहे, सगळी माझ्या ताब्यात देतायत. पुढच्या शनिवारी निघायचं.”

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं तिने लोकांच्या हसण्याची सोय लावली होती, स्वतःच्या हसण्याकडे बघायला काही सवड झाली नव्हती. आई-वडील एका वर्षाच्या आत गेले तेव्हा मुंग्या अकरावीत होता. त्याला वाढवता वाढवता तिची पंचेचाळिशी आली. हे पत्र नाकारलं तर दुसरं येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. या तीन खोल्यांतून एकदा तरी, स्वतःच्या पायांनी, स्वतःसाठी बाहेर पडायचं होतं तिला. बस, एवढंच.

मुंग्याने कप खाली ठेवला. “बरं.”

“नुसतं बरं?”

“चांगलंय की, ताई. टॅक्सी मी सांगून ठेवतो. अकराची सांगू?”

तिला हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला. जरा तरी अडवायचं होतं त्याने. तो उठून खोलीत गेला आणि राहिलेली हजेरी सुरू केली. नऊ, बंद. दहा, उघडं.

मग तो थांबला.

“अकरा,” तो म्हणाला, “उघडं.”

३

पेटीच्या कोपऱ्यात रुपयाएवढं गोल, स्वच्छ भोक होतं. भोवती माती नीट थापलेली आणि चारी बाजूंना बारीक तारा ताणलेल्या.

“दुसऱ्या पेटीतला कोळी गेला असेल,” ताई म्हणाली.

“झाकणाला खटका आहे. आणि दहाही आपापल्या जागी आहेत.”

“मग तूच केलं असशील. मी जाते म्हणाले म्हणून. मला आठवण करून द्यायला.”

मुंग्याने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की बोलून गेल्याचं तिला वाईट वाटलं. “ताई, मी म्हातारीबद्दल तुला कधी एक अक्षर बोललो का?”

नव्हता बोलला, आणि नेमकं तेच तर टोचत होतं. तिने वाकून भोकात बघितलं. आत अंधार होता आणि भोक भिंतीच्या बाजूला वळलं होतं. त्या भिंतीच्या पलीकडे तिची खोली होती, आणि भिंतीला लागून तिचा पलंग. पेटीची काच जाड होती, मागची भिंत त्याहून जाड. कोळी काही भिंत पोखरत नाही, एवढी अक्कल तिला होती.

तिने त्याच दिवशी बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले.

४

बुधवारी सकाळी खोलीतून बाहेर पडताना पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं आणि तुटलं. उंबऱ्यावर तार होती. केसाहून बारीक, पण ताठ. तिने केरसुणी आणून झाडून टाकली. कोळिष्टक घरात होतंच, त्यात काय एवढं.

गुरुवारी तीन तारा होत्या. शुक्रवारी सात, सगळ्या उंबऱ्यावरून खोलीच्या आत, पलंगाच्या दिशेने जाणाऱ्या. तिने मुंग्याला हाक मारून दाखवल्या. तो गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

“या बाहेरून आत गेलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “आतून बाहेर आल्यात. बाहेर काही हललं तर आत कळावं म्हणून.”

“कुणाला कळावं?”

तो उठला. केरसुणी त्यानेच घेतली.

लॅबमध्ये तिच्या शेजारी बसणारी गोल चेहऱ्याची बाई, जिला सगळे मावशी म्हणत, तिने त्या दिवशी ताईचा हात धरून उलटा केला. “अगं, बागकाम कधीपासून? जायच्या आधी झाडं लावून जातेस की काय?” ताईच्या नखांत बावीस वर्षं पांढरं प्लास्टर असायचं, घरी कितीही घासलं तरी न निघणारं. आता ती तपकिरी होती. दहाच्या दहा.

“कुंडी पडली घरात,” ताई म्हणाली. घरात कुंडी नव्हती. आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाच कळेना.

मावशी हसली. जाता जाता ताईच्या टेबलावरची कवळी तिने सहज उचलली. “तुझा हात मात्र कुणाला यायचा नाही बाई. शंभरात ओळखू येतो.” ते खरं होतं. हिरडीचं मेण घोटताना ताई सुरीची पाठ डावीकडून उजवीकडे फिरवायची आणि शेवटी कडेला अंगठ्याचा एक हलका दाब द्यायची. छोटीशी अर्धगोल खूण उरायची. शिकवलेलं नव्हतं कुणी, तिचीच खोड होती ती.

५

मंगळवारी बॅग उघडली तर रिकामी. कपडे कपाटात होते, घडी घालून, जिथले तिथे.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. मुंग्या कामावरून आला तशी ती दारातच उभी राहिली. “तुला मी जायला नको असेल तर तोंडाने सांग. हे असले चोरटे धंदे करू नकोस.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं नेहमीसारखी गुलाबी होती, काच घासायच्या पावडरीने. “तुझ्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही, ताई. आणि मला विचारायचंच होतं तुला. गॅलरीत मातीची दोन पोती होती, नव्या पेट्यांसाठी आणलेली. कुठे गेली?”

दोघं गॅलरीत गेले. दोन्ही पोती रिकामी होती, चौकोनी घडी घातलेली. अशी चार कोपरे जुळवून घातलेली घडी घरात एकाच माणसाच्या हातची असायची.

ताई खाली बसली. मुंग्या तिच्याशेजारी बसला. लहानपणी ताप आला की तो असाच चिकटून बसायचा.

“माझी भीती वाटत असेल तर ऐक,” तो म्हणाला. “बिळातल्या जिवाला कुणी कोंडून ठेवत नाही. कोंडलं तर तो काचेवर पाय घासत बसतो, जेवत नाही, मरतो. नवशिके हीच चूक करतात. आपण काहीच करायचं नसतं. माती खोल द्यायची, अंधार द्यायचा, हलवायचं नाही. मग तो जीव स्वतःच आत जातो. स्वतःच बंद करून घेतो.”

“मी काय तुझ्या पेटीतला किडा आहे?”

“नाही,” तो म्हणाला. मग घडी घातलेल्या पोत्यांकडे बघत म्हणाला, “पण बावीस वर्षं आपण काहीच हलवलं नाही ना, ताई.”

तिला रडू आलं, कारण ते तिच्याही मनात होतं.

६

गुरुवारी तिने लॅबमधून शेवटची सुट्टी घेतली. दुपारी जेवून जरा आडवी झाली. झोप लागण्याआधी तिच्या ध्यानात आलं की खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली ते तिला ऐकू आलं नव्हतं. ते तिला पावलांतून कळलं होतं. पलंगाच्या पायातून, गादीतून, टाचांतून. जिन्यातून पोस्टमन चढत होता, उजव्या खांद्यावर ओझं असलेला. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. किती वजनाचा माणूस आहे हेही तिला सांगता आलं असतं. मान अवघडली की असं काहीबाही वाटतं, असं म्हणून तिने डोळे मिटले.

उठली तेव्हा साडेचार वाजले होते आणि खोलीत उजेड कमी होता. दाराखालची फट दिसत नव्हती.

तिथे माती होती. ओली, दाबून बसवलेली, फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर वर चढलेली. आतल्या बाजूने. तिच्यात तारांचं पांढरं अस्तर होतं. कडी आतून लावलेली होती.

ताई गुडघ्यावर टेकली. काम सुंदर झालं होतं, हे तिच्या डोळ्यांनी तिच्याआधी ओळखलं. माती डावीकडून उजवीकडे घोटलेली होती. आणि कडेला, ओळीने, अंगठ्याचा हलका दाब. छोट्या अर्धगोल खुणा. मेणाची सुरी तिच्या उशीजवळ पडली होती, पात्यावर माती वाळलेली.

तिने हातांनीच सगळं उपसलं, कडी काढली आणि तशीच, चपला घालून, बॅग न घेता जिना उतरली. शनिवार कशाला, आत्ताच जायचं. स्टेशनवर बसून राहायचं दोन दिवस.

इमारतीच्या दारापर्यंत ती गेली. पुढे रस्ता होता, रोजचाच. पण त्या रस्त्यावरचं प्रत्येक चाक, प्रत्येक पाऊल तिच्या अंगावर चालून येत होतं, आणि वरचं आभाळ इतकं उघडं होतं की तिला ओकारी आली. पाठीला भिंत लागेपर्यंत ती मागे सरली. आपण पैशांचं पाकीट विसरलोय, तिने स्वतःला सांगितलं. पाकीट तिच्या हातात होतं. तरी ती ते आणायला वर गेली.

७

“शपथ घे,” ती मुंग्याला म्हणाली. शुक्रवारी सकाळी हजेरी संपल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं होतं. “मी काहीही म्हटलं तरी, दार बंद असलं तरी, उद्या अकरा वाजता मला बाहेर काढायचं. दार फोड. बिजागऱ्या काढ. मला ओढत ने.”

मुंग्याचा चेहरा उतरला. “बंद असलं तर उकरू नये, ताई. तुला माहितेय.”

“मी माणूस आहे.”

“हो.”

“मग घे शपथ.”

त्याने तिचा हात हातात घेतला आणि नखांकडे बघितलं. “तुला जाऊ द्यायचंय मला, खरंच. तुझ्यासाठी वाटेत खायला घेऊन ठेवलंय. पण म्हातारीला तू चांगल्या मनानेच उकरलंस ना? मी त्या तीन दिवसांत इथे नव्हतो. तू सांगितलंस तेवढंच मला माहितेय. ती कशी दिसत होती, ते मी रोज डोळ्यांपुढे बघतो.”

हे त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवलं. तिने मान खाली घातली, पण त्याचा हात सोडला नाही.

“शपथ, मुंग्या.”

“बरं,” तो म्हणाला.

त्या दिवशी ती आपल्या खोलीत पाऊल न टाकता बैठकीतच राहिली आणि बैठकीतच झोपली. मुंग्याने बॅग भरली, बाहेरच्या दाराशी ठेवली आणि तिच्या खोलीला कडी घातली.

८

शनिवारी सकाळी सगळं नीट होतं. अंघोळ झाली, चहा झाला. अंगाला खाज सुटली होती आणि कातडी जरा घट्ट वाटत होती, साबण बदलल्यावर होतं तसं. पावणेदहा वाजता मुंग्या कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची बाटली आणायला आणि मग टॅक्सी बरोबर घेऊनच यायला गेला.

बॅगेत मेणाची सुरी नव्हती. बावीस वर्षांची सुरी. नव्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी दुसऱ्याची सुरी मागायची म्हणजे नाचक्की. ती पलंगाजवळच पडलेली असणार. आत जायचं, उचलायची, बाहेर यायचं, मोजून दहा पावलं. तिने खोलीची कडी काढली.

सुरी उशीपाशीच होती. खोली गार होती आणि तिच्यात छान अंधार होता. जिना उतरायच्या आधी एक मिनिट टेकावं, म्हणून ती पलंगावर बसली.

९

गाडी थांबली ते तिला टाचांतून कळलं. मग जिना. टॅक्सीवाला जाडजूड होता, डावा पाय जरा ओढत चालणारा. त्याच्यामागे मुंग्या, हलका, दोन-दोन पायऱ्या घेत.

“बॅग हीच ना साहेब? ताई कुठायत?”

मुंग्या तिच्या दारापाशी आला. बाहेरची कडी काढलेली त्याने बघितली असणार, कारण तो तिथेच थबकला. “ताई?”

ती उताणी पडली होती. कधी पडली, आठवत नव्हतं. दाराची फट, चौकट, कुलपाचं भोक, सगळं बुजलेलं होतं, आणि हाताला अजून ओली माती होती. खिडकीचा उजेड अस्तरातून दुधट येत होता. तिने ओ द्यायला तोंड उघडलं. जीभ हलली नाही. तिच्या ओठांवरही काहीतरी आतून लागलेलं होतं, मऊ, विणलेलं.

“ताई, अकरा वाजले.” दारावर हात पडला. तो हादरा तिच्या हाडाहाडांतून गेला आणि इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं.

“आतून बंद केलंय वाटतं,” टॅक्सीवाला म्हणाला. “खांदा देऊ का साहेब? दोघं मिळून एका धक्क्यात काढू.”

“थांबा,” मुंग्या म्हणाला. पेचकस आणायला त्याची पावलं स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. बिजागरीच्या पहिल्या स्क्रूवर पेचकस टेकला. त्याने शपथ घेतली होती आणि तो ती पाळणार होता. शहाणं बाळ माझं, तिच्या मनात आलं. फोड. काढ मला.

पहिला स्क्रू फिरला. दाराच्या कडेची माती भेगाळली, आणि त्या भेगेतून उजेडाची एक रेघ आत आली. ती तिच्या दंडावर पडली. तिथे कातडी पांढरी झाली होती, सुटी, आणि तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं, ओलं, अजून न सुकलेलं. तिने ते बघितलं. म्हातारीचे पाय तीन दिवस कसे हलत होते, ते तिला आठवलं.

आता तिला एकच हवं होतं, की त्याने थांबावं. शहर नको, लॅब नको. थांब, मुंग्या. थांब रे.

पेचकस थांबला. भेगेपाशी त्याचा डोळा आला असणार, कारण रेघ विझली. तो खूप वेळ तिथे होता.

“काय झालं?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“काही नाही. ताई आज येणार नाही. तुम्ही जा.” मग स्क्रू उलटा फिरला, घट्ट झाला. खाली गाडी सुरू झाली आणि कंप विरत विरत गेला. ताईने सुरी उचलली आणि भेग डावीकडून उजवीकडे घोटून घेतली. कडेला अंगठा दाबला.

१०

किती दिवस झाले कुणास ठाऊक. सकाळचे सात झाले की तिला पलीकडून कळतं. मुंग्या मांडणीसमोर उभा राहतो. एक, उघडं. दोन, उघडं. अकरा, उघडं. मग तो तिच्या दारापाशी येतो, पाण्याची वाटी ठेवतो, आणि अनवाणी असतो, पावलांच्या हादऱ्याने तिला दुखू नये म्हणून.

तिच्या पाठीवर मधोमध, मानेपासून खाली, शिवण उसवावी तसं काहीतरी हळूहळू सुटतंय.

“बारा,” तो बाहेर अगदी हळू म्हणतो. “बंद.” मग जरा वेळाने म्हणतो, “सावकाश होऊ दे, ताई. मी कुणाला उकरू देणार नाही.”